साखरेचा आजार आणि आपली कातडी



गेल्या हंगामाच्या अखेरीस आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका जुन्या सभासदांच्या पायात उसाचा बुडखा घुसला. तोडणी होऊन गेलेली, पाचट अजून सरीत पसरलेलं, आणि हे खोडवा कसा फुटतोय ते बघायला सवयीप्रमाणे अनवाणी रानात शिरलेले. बुडखा घुसला हे त्यांना कळलंच नाही. घरी आल्यावर सोप्यातल्या फरशीवर रक्ताचे ठसे उमटलेले सूनबाईंनी बघितले आणि त्या म्हणाल्या, "मामा, पायाला काय लागलंय?" "कुठं काय?" म्हणत त्यांनी पाय वर घेऊन बघितला, तर अंगठ्याच्या मुळाशी चांगली पेरभर खोल जखम. दुखणं मात्र काडीचं नाही. दुखत नाही म्हटल्यावर त्यांनी तंबाखूची चिमूट दाबली, वर चिंधी बांधली आणि दुसऱ्या रात्री लाईट आल्यावर पाणी पाजायला गेले. बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. चिंधी सोडली तर अंगठा काळा पडलेला, वास मारत होता. दवाखान्यात अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. तिथंच रक्त तपासलं तेव्हा कळलं की यांना मधुमेह आहे, आणि तो आजकालचा नव्हे, चांगला सात-आठ वर्षांचा असावा असा डॉक्टरांचा अंदाज.

"माझं नाव छापू नका, पण झालेलं छापा," असं त्यांनीच आम्हांला सांगितलं. म्हणून हा लेख.

त्यांच्याजवळ बसून बोलताना एकेक गोष्ट निघाली. तीन वर्षांपासून पाठीवर वरचेवर गळवं उठत होती. घरच्यांनी उष्णता म्हटलं. मानेमागची कातडी काळी, जाड झाली होती. उन्हात राबणाऱ्या माणसाची मान काळी असायचीच. जांघेत खाज होती; घाम, दुसरं काय. टाचा भेगाळलेल्या होत्या. शेतकऱ्याच्या टाचेला भेगा नसतील तर कुणाच्या असणार! प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण सापडलं आणि रक्त तपासायचं तेवढं राहिलं.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेच्या आजारावर लेख आला म्हणून काही मंडळी हसतील. हसू द्या. सवलतीची साखर घरी नेणारे आपण, आपणच हे बोलायला पाहिजे. साखर खाल्ली की लगेच मधुमेह होतो इतकं ते सरळ नाही. घराण्यातून येणारा कल, पोटावरची चरबी, वाढतं वय, कमी झालेली अंगमेहनत अशी त्याची अनेक कारणं आहेत. पण एकदा आजार जडला की साखर काय, गूळ काय आणि काकवी काय, रक्तात गेल्यावर सगळ्यांचा हिशेब एकच. "आम्ही साखर बंद करून गूळ खातो" असं अभिमानानं सांगणारे सभासद आम्हांला दर आठवड्याला एक तरी भेटतात. त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुसरा गैरसमज असा की मधुमेह हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या जाड माणसांचा आजार. देशभरातल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत भारतात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. म्हणजे प्रौढांपैकी शंभरात अकरांहून जास्त. आणि जाडीचं म्हणाल, तर पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम करून दाखवून दिलं आहे की आपली माणसं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबी जास्त बाळगून असतात. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची आणि वजन यांचं प्रमाण दोघांचं तंतोतंत एक, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! तेव्हा "मी तर वाळलेला, मला कशाला होतोय" हे म्हणणं सोडून द्यावं.

आता कातडीकडे वळू.

रक्तात साखर जास्त राहिली की कातडीवर चार बाजूंनी मारा होतो. एक, बारीक आणि मोठ्या रक्तवाहिन्या खराब होतात, मग पाटाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचू नये तसं पायाच्या बोटांना रक्त कमी पोचतं आणि जखम भरत नाही. दोन, रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात त्या सुस्तावतात, आणि बुरशीला तर साखरेची ओल हवीच असते. तीन, कातडीला ताण देणारे जे धागे असतात त्यांना साखर चिकटून ते ताठर होतात. चार, आणि हे सर्वांत वाईट, नसा बधिर होतात. घाम आणणाऱ्या नसा बिघडल्या की पाय कोरडे पडून टाचा फुटतात, आणि दुखणं कळवणाऱ्या नसा बिघडल्या की काटा मोडला तरी पत्ता लागत नाही. दुखणं हे राखणीचं कुत्रं आहे. ते भुंकायचं बंद झालं म्हणजे चोर आलाच नाही असं होत नाही.

आजार कळण्याआधी कातडी काय सांगते

मानेच्या मागं, काखेत, जांघेत कातडी काळसर, जाड आणि मखमलीसारखी मऊ-खरबरीत दिसू लागली, तर ती मळाची नव्हे. बायाबापड्या पोराची मान वजरीनं घासून घासून सोलतात, पण तो रंग जात नाही. शरीरातलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करतं आणि त्यामुळं कातडी अशी होते. हे मधुमेहाच्या कित्येक वर्षं आधीही दिसतं, म्हणून शाळकरी पोरांतसुद्धा दिसलं तर आनंद मानावा की वेळेत कळलं. वजन उतरलं की हा काळेपणाही बराचसा उतरतो. अशाच माणसांच्या मानेवर बारीक लोंबत्या चामखिळीही पुष्कळदा दिसतात.

गळवं आणि काळपुळी ही तर आपल्याकडची जुनी ओळख. काळपुळी म्हणजे अनेक तोंडांचं गळू, बहुधा मानेवर किंवा पाठीवर. आपल्या जुन्या वैद्यांना हा संबंध ठाऊक होता. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला उठणाऱ्या पिडका सात सांगितल्या आहेत, सुश्रुतसंहितेत दहा. त्यांतल्या एकीला कासवाच्या पाठीसारखी म्हणून कच्छपिका असं नाव आहे. रक्त तपासायची सोय नव्हती त्या काळात त्यांनी कातडीवरून रोग ओळखला. आज तपासणी हाताशी असताना आपण गळवावर पोटीस बांधून गप्प बसतो. एका वर्षात दोन-तीनदा गळू उठलं, तर रक्त तपासून घ्यायचंच.

आता जरा संकोचाची गोष्ट. लघवीच्या जागी खाज, लाली, पांढरा थर. पुरुषांत शिश्नाच्या टोकावरची कातडी चिरून आवळत जाणं. बायकांत अंगावरून दह्यासारखं पांढरं जाऊन आग होणं. ही बुरशी आहे आणि कित्येक माणसांत मधुमेहाची पहिली खूण हीच असते. बायका हे कुणाला सांगत नाहीत. जाऊबाईला सांगणार नाहीत, नवऱ्याला तर नाहीच. गावातल्या आशाताईंना सांगावं, त्यांच्यापाशी लाज धरायचं कारण नाही. यात आणखी एक. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांत एक जात अशी आहे की ती साखर लघवीवाटे बाहेर काढते. गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला उपयोगी आहेत, पण त्यांनी ही खाज वाढू शकते. तसं झालं तर आपल्या मनानं गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावं. आणि ती जागा धुऊन कोरडी ठेवावी.

गजकर्णाबद्दल थोडं रागानंच लिहितो. दुकानातून मागून आणलेली मलमं, ज्यांत तीन-चार औषधं एकत्र असतात, त्यांत बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. लावल्याबरोबर खाज थांबते म्हणून ती गावोगाव खपतात. खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते, वर्तुळं मोठी होतात, कातडी पातळ पडते आणि मग साधं औषध लागू पडत नाही. मधुमेहाच्या माणसानं तर असं मलम डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय हातात धरू नये.

बाकीच्या खुणा थोडक्यात. नडगीवर तपकिरी, गोल, किंचित खोलगट डाग पडतात. त्यांनी काही बिघडत नाही, त्यांना औषधही नको. कधी पायावर काही न लागता पाण्याचा फोड येतो. तो फोडू नये, दाखवावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोज त्याच जागी सुई टोचली तर तिथं चरबीची गाठ होते. गाठीत टोचायला दुखत नाही म्हणून माणूस मुद्दाम तिथंच टोचतो, पण तिथलं इन्सुलिन कधी लागतं कधी लागत नाही, आणि साखर वर-खाली होत राहते. पोटावर, मांडीवर जागा बदलत जावं, सुईही बदलावी. आणि एक गंमतीची परीक्षा. देवाला हात जोडतो तसे दोन्ही तळवे जोडून बघा. बोटं आणि तळवे एकमेकांना सपाट टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर सांध्यांभोवतीची कातडी ताठरली आहे असं समजावं. डॉक्टर लोकही या खुणेला नमस्कारावरूनच नाव देतात.

पाय

खरी काळजी आहे ती इथं. मधुमेहात पाय कापावे लागतात त्यांतले बहुतेक पाय एका साध्या जखमेपासून सुरू झालेले असतात, आणि आपलं सगळं काम पायांवरचं. लागण असो, बांधणी असो, रात्रीचं पाणी असो, पाय चिखलात नाहीतर पाचटात. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, कोयत्यानं तिरपा तुटलेला बुडखा सुळ्यासारखा असतो. ज्याला दुखतं तो माणूस हिसका देऊन पाय मागं घेतो. ज्याला दुखत नाही तो पूर्ण भार टाकून पुढं जातो.

बधिर पायाची ही गोष्ट जगाला नीट समजली ती भारतातूनच. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली तमिळनाडूत वेल्लोरला आले आणि पुढं तिथं कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. कुष्ठरोगात बोटं झडतात ती रोगानं सडून, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांच्या ध्यानात आलं की रोगानं फक्त बधिरपणा येतो; बोटं जातात ती न दुखणाऱ्या जखमांनी, भाजण्यानं, कापण्यानं, तसंच चालत राहण्यानं. पुढं अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर हेच ज्ञान मधुमेहाच्या पायाला लागू पडलं. बारीक छिद्रांच्या मऊ रबराची जी चप्पल वेल्लोरला कुष्ठरोग्यांसाठी वापरात आली, तीच आज एमसीआर चप्पल म्हणून मधुमेहाच्या माणसांना सांगतात. कुष्ठरोग्याची चप्पल म्हणून काही जण ती घालायला लाजतात. लाजू नये.

पाय बधिर झालाय का हे दवाखान्यात दहा ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवून बघतात. घरीही एक तपासणी करता येते, ती इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी बसवून दिली आहे. माणसानं पाय मोकळे सोडून डोळे मिटून पडावं. नातवानं किंवा नातीनं दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपलं बोट नुसतं हलकं टेकवायचं, सेकंदभर. दाबायचं नाही, घासायचं नाही, गुदगुल्या तर मुळीच नाहीत. हात लागला की आजोबांनी "हो" म्हणायचं. सहा जागांपैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पाय बधिर झालाय असं धरून चालावं आणि डॉक्टरांना दाखवावं. आम्ही हे आमच्या मंडळींत करून बघितलं. बारा जणांत दोघांचे पाय नापास झाले, आणि त्यांतले एक आमच्यापैकीच, हा लेख लिहिणाऱ्यांतले.

रोज रात्री जेवणाआधी पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या कराव्यात आणि दिव्याखाली तळवे बघावेत. वाकता येत नसेल तर फरशीवर आरसा ठेवावा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगावं. बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर ती बुरशी आहे. तिच्या चिरांतून जंतू आत शिरतात आणि एका रात्रीत धावरं उठून पाय पोटरीपर्यंत लाल, गरम होतो. चिखल्यांवर बुरशीचं औषध लागतं. तेल तिथं लावू नये, ओल वाढते. तेल किंवा व्हॅसलिन लावायचं ते टाचांना आणि तळव्यांना, म्हणजे जळवाताच्या भेगा भरून येतात. गरम पाण्यात पाय बुडवून शेकायची आपल्याकडे मोठी हौस. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि कातडी सोलून निघते. पाणी आधी कोपरानं, नाहीतर घरातल्या धडधाकट माणसानं बघावं. शेकोटीशी पाय पसरून बसणंही तसंच. कुरूप असेल तर ते दाढीच्या पात्यानं घरी कापू नये, त्यावर पट्ट्याही लावू नयेत. त्या पट्ट्यांत कातडी जाळणारं आम्ल असतं. नखं सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत.

चपलेविषयी. कोल्हापुरी पायताण हा आपला मान आहे, पण ते कडक, अंगठ्याशी घासणारं, आणि नवीन असताना चावणारं. चावतंय हे ज्याला कळतं त्यानं खुशाल घालावं. ज्याचा पाय बधिर आहे त्यानं ते लग्नकार्यापुरतं ठेवून, रोजच्याला मागं पट्टा असलेली, तळ मऊ आणि खालून टणक अशी चप्पल घ्यावी. ती संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. रानात पाणी पाजताना गमबूट, पण घालण्याआधी उलटा करून झटकायचा. खडा, काटा, विंचू, काय वाट्टेल ते आत असतं. आतून मोजा घालायचा, आणि घरी आल्यावर बूट उन्हात वाळवायचा. ओल्या गमबुटात रोज पाय घालणं म्हणजे चिखल्यांना आवतण. वारीला अनवाणी जाण्याचा ज्यांचा नेम आहे त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. मात्र आषाढीच्या वाटेवर एखादा दिवस ऊन पडलं की डांबर कसं तापतं ते सर्वांना ठाऊक आहे. पाय बधिर असेल तर पांडुरंगाची क्षमा मागून चप्पल घालावी. देवळाच्या तापलेल्या फरशीवर दुपारी जायचं तर मोजे घालून जावं.

आणि तंबाखू. विडी असो की चुना-तंबाखू, पायाच्या आवळलेल्या रक्तवाहिन्या ती आणखी आवळते. जखमेवर दाबायला तर ती नकोच. राख, शेण, पाला, डिझेल, बॅटरीचं पाणी हेही नको. (शेवटची गोष्ट खोटी वाटेल, पण आम्ही डोळ्यांनी बघितली आहे.)

जखम झालीच तर स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवावी, धुतलेल्या सुती कापडानं झाकावी, धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते आठवावं आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दाखवावी. त्या पायावर चालणं बंद. हे सांगायला सोपं आणि करायला सर्वांत अवघड, कारण दुखत नसलेला माणूस घरात बसत नाही आणि ऊस तर पाण्यासाठी वाट बघत उभा असतो. पण ब्रँड यांचं सगळं सांगणं हेच होतं की अशा जखमेवरचा भार उतरवला तरच ती भरते. मलमांचा खर्च त्यापुढं दुय्यम. पाय सुजला, लाली वर चढली, पू किंवा वास आला, बोट काळं-निळं दिसलं, ताप आला, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नये. रात्रीच गाडी काढावी.

रक्ताच्या तपासणीचे आकडे लिहून ठेवा. रात्री जेवून सकाळी उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. काही त्रास होत नसेल तर खात्रीसाठी ती दुसऱ्यांदा करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे कुंपणावर. तीस वर्षांवरच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे, पैसे पडत नाहीत. तिथं जाताना पायही दाखवा. डॉक्टर विसरले तर आपणच चप्पल काढून पाय पुढं करावा.

तोडणीला आलेल्या टोळ्यांतही अशी माणसं असतात. कोपीत राहणारा माणूस पाय दाखवायला कुठं जाणार? आपल्या फडात कुणाचा पाय चिंधीनं बांधलेला दिसला तर चौकशी करा आणि गाडीवर घालून आरोग्य केंद्रात न्या. एक दिवस तोड थांबली तर थांबली.

ज्यांच्यापासून हा लेख सुरू झाला ते सभासद आता बरे आहेत. साखर आटोक्यात आहे, एमसीआर चप्पल घालून बांधापर्यंत येतात, रानात उतरत नाहीत. पाणी पाजायला थोरला मुलगा जातो. परवा भेटले तेव्हा त्यांची नात त्यांच्या पायाची बोटं एकेक करून टेकवत बसली होती, आणि ते डोळे मिटून "हो… हो…" म्हणत होते. उरलेल्या आठ बोटांपैकी तिनं तीन टेकवली, दोन कळली.